सात नंबरचा रिकामा कप्पा

दूध पांढरं असतं, यावर माझ्याशी कुणी वाद घालेल असं मला कधी वाटलं नव्हतं. तो घातला रंगाच्या दुकानात डबे ढवळणाऱ्या एका बाईनं, आणि मी तिला खिडकीवरून हाकलून दिलं. त्याला आता बरीच वर्षं झाली. तरी ते दिवस आठवले की आजही माझे हातपाय गार पडतात, आणि हे मी उगाच बोलायचं म्हणून बोलत नाही.

दिवस पुरे व्हायच्या आधी जन्मलेल्या बाळांच्या वॉर्डाला लागून दुधाची खोली होती. ती मी तेव्हा अठरा वर्षं सांभाळत आले होते. खोली कसली, एक ओटा, एक फ्रिज, बाटल्या उकळायचं मोठं भांडं आणि भिंतीत सरकत्या काचेची एक खिडकी. ती बाळं इतकी लहान की त्यांना ओढून पिता येत नाही. म्हणून आया समोरच्या खोलीत बसून दूध काढायच्या आणि बाटली माझ्या खिडकीतून आत द्यायच्या. मी बाटलीला चिकटपट्टी लावायचे, तिच्यावर बाळाच्या बेडचा नंबर आणि वेळ घालायचे आणि फ्रिजमध्ये त्या नंबरच्या कप्प्यात ठेवायचे. आतल्या दारानं सिस्टर येऊन ती न्यायच्या आणि बाळाला नळीनं पाजायच्या. मला वॉर्डात पाऊल टाकायची परवानगी नव्हती. जंतू जातात म्हणे. माझ्या अंगावर जंतू आणि त्यांच्या अंगावर काय, अत्तर?

या कामात मला एका गोष्टीचा भारी तोरा होता. मी कुणाला नंबर विचारत नसे. पहिल्या दिवशी एकदा विचारायचे, पुढे तोंड बघितलं की नंबर लिहून मोकळी. एखादी नवी आई म्हणायची, "मावशी, पाच नंबर," तर मी म्हणायचे, "ठाऊक आहे गं, मला काय शिकवतेस!" मोठ्या सिस्टर म्हणजे वॉर्डाच्या प्रमुख, त्या नव्या मुलींना माझं उदाहरण द्यायच्या. मावशींचं डोकं म्हणजे रजिस्टर आहे, असं. मला ते ऐकू येईल अशाच बेतानं त्या बोलायच्या, आणि मी ऐकलंच नाही असं दाखवत बाटल्या पुसायचे.

तर ही बाई. तिला रंगवाली हे नाव मीच ठेवलं. तिच्या नखांच्या कडांत निळा आणि तांबूस रंग इतका मुरलेला होता की सिस्टरनी तिला ब्रशनं तीनदा हात घासायला लावले तरी तो निघाला नाही. रंगाच्या दुकानात ती शेड मिसळायचं काम करायची. कुणी पडद्याचा तुकडा घेऊन येतं, कुणी फुटकी फरशी, आणि म्हणतं, भिंतीला हाच रंग हवा. मग ही पांढऱ्या डब्यात सिरिंजनं थेंब थेंब रंग सोडत तो जुळवून द्यायची. सातव्या महिन्यात दुकानातच पोटात दुखायला लागलं. तरी गिऱ्हाइकाचा डबा पुरा करून, झाकण ठोकून मगच ती दवाखान्यात निघाली. हे तिनंच मला सांगितलं, आणि सांगताना तिला त्यात काही विशेष वाटत नव्हतं.

पहिल्या दिवशी तिनं बाटली आत सरकवली तेव्हा मी ती उजेडात धरली. तळ जेमतेम ओला होता.

"रिकामी बाटली कशाला देतेस गं? धुवायच्या तिकडे ठेवायच्या."

"रिकामी नाहीये, मावशी. सोळा थेंब आहेत."

"मोजलेस?"

"मग? न मोजता कसं कळणार?"

मी कपाळाला हात लावला. नंबर विचारला, ती चार म्हणाली, मी चार लिहिलं. मनात म्हटलं, ही काही आठवडाभर टिकत नाही. सोळा थेंबांवाल्या मी पुष्कळ पाहिल्या होत्या. चार दिवस येतात, मग रडतात, मग पावडरच्या दुधावर सही करून मोकळ्या होतात. त्यांना मी नावं ठेवत नाही. बाळ काचेच्या पेटीत आणि आपण यंत्र छातीला लावून भिंतीकडे बघत बसलोय, यात पान्हा फुटणं सोपं नाही.

ही मात्र तीन तासांनी आली. मग पुन्हा तीन तासांनी. दिवसातून आठ वेळा, घड्याळ लावून घ्यावं अशी. मोठ्या सिस्टरनी तिला सगळं दाखवलं होतं. आधी गरम पाण्यात पिळलेलं फडकं ठेवायचं, मग हातानं गोल चोळायचं, मग यंत्र, आणि थेंब थांबले तरी आणखी थोडा वेळ. बाळाची टोपी नाकाशी धरून डोळे मिटायचे. ती सगळं तसंच करायची, एक पायरी न गाळता. चौथ्या दिवशी पाच एमएल झालं, आठव्या दिवशी तीस. बाटली देताना ती आकडा सांगायची आणि मी म्हणायचे, "दिसतंय मला, डोळे आहेत." पण खोटं कशाला सांगू, मला कौतुक वाटत होतं.

आणि मग, दहाव्या-अकराव्या दिवसाच्या सुमाराला, ती पडलेल्या तोंडानं आली. डॉक्टरीणबाई फेरीला आल्या होत्या. त्यांनी तक्ता बघितला आणि म्हणाल्या, "दूध कमी पडतंय. वाढवायला हवं." हिनं काही विचारायच्या आत त्या पुढच्या बेडकडे गेल्याही.

"मावशी, किती लागतं हो एवढ्याशा जिवाला?"

"मला विचारू नकोस. मी पट्ट्या लावते."

त्या दिवसापासून तिनं आठाचे दहा केले आणि दहाचे बारा. झोपायची कधी कुणास ठाऊक. सासूबाई रोज दोन डबे घेऊन यायच्या आणि समोर बसून खायला लावायच्या. आमच्या घरातल्या बायकांना असं कधी झालं नाही, हे वर. शेजारच्या बेडवरची बाई म्हणाली, तासाला तांब्याभर पाणी पी. ती तेही प्यायली आणि दिवसभर बाथरूमच्या वाऱ्या करत बसली. शेवटी मोठ्या सिस्टर ओरडल्या, "अगं, पाण्यानं दूध वाढतं तर आम्ही सगळ्यांना नळाखालीच बसवलं असतं. भूक लागेल तेवढं खा, तहान लागेल तेवढं पी. छाती रिकामी होत राहिली की शरीर भरत राहतं. आणि मधे झोप, नाहीतर तुलाच पेटीत ठेवावं लागेल."

दूध वाढलं. पन्नास, साठ, एकदा तर सत्तर. माझ्या फ्रिजमध्ये चार नंबरच्या कप्प्यात बाटल्या मावेनात, मी त्या आडव्या ठेवायला लागले. आणि डॉक्टरीणबाईंचं रोजचं एकच, कमी पडतंय. या दोन्ही गोष्टी मला माहीत होत्या. माझ्या एकाच डोक्यात, त्या नावाजलेल्या रजिस्टरात, शेजारी शेजारी बसल्या होत्या. आणि त्यांची गाठ पडली नाही. मी फक्त एवढंच मनात म्हटलं की डॉक्टरांना काय कळतंय, शिकून शिकून यांची नजर गेली आहे.

डॉक्टरीणबाईंच्या त्या बोलण्यानंतर तिसऱ्या की चौथ्या दिवशी ती बाटलीशिवाय आली. भेटायच्या वेळेत ती मुलीजवळ बसली असताना सिस्टरनी नळीतून दूध सोडलं होतं.

"मावशी, ते दूध माझं नाहीये."

"म्हणजे?"

"माझ्या दुधावर साय येते, पिवळसर. खाली निळसर झाक असते. हे सगळं एकसारखं होतं. मलईचा रंग, आणि फेस."

"दूध पांढरं असतं," मी म्हटलं.

"पांढऱ्यात आमच्याकडे बावीस शेड आहेत."

माझं डोकंच फिरलं. अठरा वर्षं मी इथे आहे, माझ्या हातून बाटली इकडची तिकडे झाल्याचं कुणी दाखवून द्यावं, आणि ही कालची आलेली मला रंग शिकवते. "झोप नाही म्हणून डोळ्यांसमोर काहीबाही दिसतंय तुला. जा, पड जरा. आणि दुकान दुकानात ठेव," असं म्हणून मी काच सरकवली. हे मी केलं. काचेपलीकडे ती क्षणभर उभी होती, तेही मला दिसलं होतं.

त्यानंतर दोन दिवसांनी तिच्या मुलीचं पोट फुगलं. सिस्टरांच्या बोलण्यातून माझ्या कानावर आलं. पोट टम्म झालंय, पाजलेलं अंगी लागत नाही, आज दूध बंद ठेवून बघू, डॉक्टरांच्या कपाळाला आठ्या. एवढ्या लहान जिवांत पोट बिघडणं म्हणजे काय, हे त्या वॉर्डाजवळ काम करणाऱ्या झाडूवालीलाही माहीत असतं. कधी कधी तिथून परत येणं होत नाही.

त्या दुपारी रंगवाली खिडकीशी आली तेव्हा तिच्या हातात क्रीमच्या डबीचं काळं झाकण होतं. तिनं ते तोल सांभाळत ओट्यावर ठेवलं. झाकणावर दोन थेंब होते.

"हा आत्ता काढलेला, माझा. आणि हा सकाळी पाजल्यावर सिरिंजच्या टोकाला राहिला होता, तो मी मागून घेतला. बघा."

मी बघितलं. एक थेंब पातळ, काळ्यावर निळसर दिसणारा, कडेला जरा पिवळा. दुसरा घट्ट, पिठुळ. लहान पोरानंही सांगितलं असतं की हे दोन एका घरचे नाहीत.

अठरा वर्षांत पहिल्या दिवसानंतर कधी कुणाला न विचारलेला प्रश्न मी तिला विचारला.

"तुझी मुलगी कितव्या बेडवर आहे?"

"सात."

"चार."

"चारवर आधी होती. तब्येत सुधारली म्हणून दाराकडे सरकवली ना, आठ दिवस होत आले. तुमची सुट्टी होती त्या दिवशी. तुम्हाला सांगितलं असेलच की."

मी फ्रिजचं हँडल धरलं. सिस्टरांच्या टेबलाजवळचे बेड फार आजारी बाळांचे, आणि बाळ सुधारत जाईल तसं ते एक एक पाऊल दाराकडे सरकतं, हा त्या वॉर्डाचा रिवाजच होता. बाळाचं कार्ड बाळाबरोबर जातं. माझ्या डोक्यातला नंबर मात्र जागचा हलला नव्हता. चारवर त्याच संध्याकाळी एक नवा मुलगा आला होता. त्याची आई मोठ्या ऑपरेशननंतर तिसऱ्या मजल्यावर पडून होती. चारच्या कप्प्यात बाटल्या दिसल्या, सिस्टरना वाटलं वरून त्याच्या आईचं दूध येतंय. सातच्या कप्प्यात काही दिसेना, त्यांनी तक्त्यात लिहिलं, आईचं दूध नाही, पावडरचं दिलं. आणि तो तक्ता वाचून डॉक्टरीणबाई या बाईला सांगत होत्या, दूध वाढवा. ही जीव काढून वाढवत होती, आणि मी तिचा थेंबन् थेंब उचलून दुसऱ्या पोराच्या कप्प्यात ठेवत होते. तिच्या मुलीचं पोट पावडरीनं फुगत होतं.

मी फ्रिज उघडला. सातचा कप्पा रिकामा होता, कडेला पुसल्याचे ओरखडे. मी तो रोज पुसत होते. रिकामा कप्पा रोज पुसत होते आणि मला एकदाही विचारावंसं वाटलं नाही, हा कुणाचा.

खोटं बोलणार नाही, एक विचार येऊन गेला. पट्टी बदलायची, सात लिहायचं, संपलं. रंगवालीला अजून नीट उमजलेलं नव्हतं, ती नुसती माझ्या तोंडाकडे बघत होती. पण ते झाकण तिथंच होतं, दोन थेंबांसकट. मी मोठ्या सिस्टरना हाक मारली आणि दोघींच्या समोर सगळं सांगितलं.

सिस्टरांचा चेहरा पांढराफटक पडला. रंगवाली बाकावर बसली. ती ओरडली नाही. ती ओरडेल म्हणून मी खांदे आखडून उभी होते. तिनं एवढंच विचारलं, "मग कमी पडत नव्हतं?"

"नाही गं," सिस्टर म्हणाल्या.

"कमी पडतच नव्हतं," ती म्हणाली आणि हसली. ते हसू बघून मी घाबरले.

पुढे जे व्हायचं ते झालं. जबाब, सह्या, रंगवालीच्या रक्ताच्या तपासण्या, कारण तिचं दूध दुसऱ्या बाळाच्या पोटात गेलं होतं. चार नंबरच्या बापाला बोलावून सांगितलं, तो सुतार होता. बाटलीवरचा नंबर यापुढे आईनं स्वतः लिहायचा आणि मोठ्यानं वाचून दाखवायचा, असा नियम आला. मला काढलं नाही. काढलं असतं तर बरं, असं त्या दिवसांत मला कितीदा वाटलं.

कारण त्या संध्याकाळी रंगवाली तिच्या वेळेला यंत्र लावून बसली आणि काही आलं नाही. एक थेंब नाही. तीन तासांनी नाही, त्याच्या पुढच्या तीन तासांनीही नाही. छाती होती तशीच होती, दूध आत असणारच, पण ते सुटेना. जिनं सोळा थेंबांचे सत्तर एमएल केले तिचा पान्हा एका वाक्यानं आटला, आणि ते वाक्य माझं होतं. मुलीला आता आईचंच दूध हवं होतं, पोट शांत व्हायला दुसरा उपाय नव्हता. आणि तेच नव्हतं. फ्रिजमध्ये चारच्या कप्प्यात उरलेल्या पाच बाटल्या तेवढ्या तिच्या कामी आल्या. त्या मी स्वतः सातमध्ये हलवल्या. मी हलवताना सिस्टर शेजारी उभ्या राहून बघत होत्या. दोन दिवसांची बेगमी, जास्त नाही.

"थेंब येवो न येवो, वेळ चुकवायची नाही," मोठ्या सिस्टर तिला म्हणाल्या. "शरीराला कळलं पाहिजे की मागणारं कुणीतरी आहे." त्यांनी फेरीची वाट न बघता डॉक्टरीणबाईंना गाठलं आणि मुलीला रोज दोनदा आईच्या उघड्या छातीवर ठेवायची परवानगी काढली. सासूबाई खांदे चोळत बसायच्या. त्या बिचाऱ्या आता घरातल्या बायकांचा विषयही काढत नव्हत्या. मी गरम फडकी पिळून आयांच्या खोलीच्या दाराशी नेऊन ठेवायचे. पहिल्यांदा मी आत जाऊन म्हटलं, "आण, पाठ मी चोळते." तिनं मान वर न करता सांगितलं, "तुम्ही नको." बरोबरच होतं तिचं. तरी मला ते चपराक बसल्यासारखं लागलं.

दोन दिवस ती वेळेवर उठत होती, बसत होती, आणि बाटली कोरडीच्या कोरडी धुवायच्या ढिगात ठेवत होती. सातच्या कप्प्यात एक बाटली उरली.

तिसऱ्या दिवशी सकाळी सिस्टर आतल्या दारानं जवळजवळ पळतच आल्या. मुलगी छातीवर होती. झोपेतच तिनं तोंड हलवलं, ओठ चोखल्यासारखे केले आणि बारीकसं कुरकुरली. आणि हिचा गाऊन दोन्हीकडून भिजला. बाटली धरायलाही वेळ मिळाला नाही, सगळं फुकट गेलं, आणि रंगवाली हमसून हमसून रडत होती, आणि हे सांगताना सिस्टरही. दुपारी दहा एमएलची बाटली खिडकीवर आली. तिनं पट्टीवर स्वतः सात लिहिलं, मोठ्यानं वाचलं आणि माझ्याकडे न बघता निघून गेली. दुसऱ्या दिवशी पंचवीस झालं. मुलीचं पोट उतरायला लागलं.

इथवर थांबले असते तर शहाणी ठरले असते. पण त्या दुपारी सुतार खिडकीशी आला. भला माणूस, हातातली टोपी चुरगाळत उभा होता.

"मावशी, पोर पावडरचं ओकतंय. ते आधीचं दूध त्याला मानवत होतं. तक्रार नाही हं. त्या बाईंना एवढंच सांगा, माझं पोर इतके दिवस त्यांच्या जिवावर तगलं."

तो गेला आणि माझ्या डोक्यात किडा वळवळला. रंगवालीचे तपासणीचे कागद स्वच्छ आले होते. दूध पुन्हा सुरू झालं होतं. तिनं रोज थोडंसं त्या पोराला दिलं, राजीखुशीनं, तर काय बिघडलं? डॉक्टरही नाही म्हणणार नाहीत. मला तर ते चित्रच दिसायला लागलं. दोन बाळं बरी होताहेत, सगळे डोळे पुसताहेत, आणि माझी चूक जणू देवाचीच योजना होती. मी लगबगीनं आयांच्या खोलीत गेले आणि तिला सांगितलं.

तिनं ऐकून घेतलं.

"हे त्यांनी मागितलं का तुम्हाला सुचलं?"

"मला सुचलं."

"नाही देणार."

"अगं, थोडंसं. एका जिवाचा प्रश्न आहे."

"माझीपण जीवच आहे. तिला लागतं त्याच्या निम्मं येतंय अजून. आणि मावशी, तुम्ही हे त्या पोरासाठी मागत नाही. तुमची चूक माझ्या दुधानं धुऊन निघावी, असं तुम्हाला वाटतंय."

इतकं स्पष्ट मला नवराही कधी बोलला नव्हता. मी दाराकडे वळले तर तिनं मागून विचारलं, "त्याची आई आहे ना वर? तिच्या दुधाचं काय?"

"तिला दूध नाहीये."

"कोण म्हणालं?"

कोण म्हणालं? कुणीच म्हणालं नव्हतं. चारच्या कप्प्यात बाटल्या होत्या, तेव्हा तिचं दूध येतंच आहे, असं सगळ्यांनी धरलं. आणि ते दूध तिचं नव्हतं हे कळल्यावर, तिला नाही, असं धरलं. मधे तिला विचारायला कुणी गेलं होतं का?

मी तशीच तिसऱ्या मजल्यावर गेले. ती भिंतीकडच्या कॉटवर पडली होती. चेहरा मेणासारखा, हाताला सुई. जेमतेम पंचविशीची असेल. मी विचारलं आणि ती हळू आवाजात म्हणाली, "मला तर रोज सांगायचे, तुमचं दूध पोचतंय, बाळ पितंय, काळजी करू नका. मला वाटलं, मी गुंगीत असताना काढून नेत असतील. मधे छाती दगडासारखी झाली होती, हात लावू देत नव्हती. मी सांगितलंही. तर इथल्या सिस्टर म्हणाल्या, चांगलंय, भरपूर आहे. मग आपोआप सैल पडली. मी म्हटलं, नेलं असेल सगळं."

मी तिच्या पायाशी कॉटवर बसले, न विचारता. मी एका आईचं दूध पळवलं, एवढाच हिशेब मी इतके दिवस उराशी धरून बसले होते. दुसऱ्या आईचं दूध माझ्या त्याच बाटल्यांनी येण्याआधीच आटवलं होतं, आणि ती मला धन्यवाद देईल अशा नजरेनं बघत होती.

खाली येऊन मोठ्या सिस्टरना सांगितलं. त्यांनी डोळे मिटून घेतले. वॉर्डात दोन बाळं अत्यवस्थ होती, त्यामुळे सिस्टरना तिथून हलता येत नव्हतं. "बाटली आणि गरम फडकं घेऊन जा, मी येतेच," त्या म्हणाल्या. मी गेले. आणि तिथं उभी राहिल्यावर मला उमगलं की मला काही येत नाही. अठरा वर्षं हजारो बाटल्यांना मी पट्ट्या लावल्या, पण दूध काढतात कसं, हात कुठे ठेवतात, किती दाबतात, मी कधी बघितलंही नव्हतं. मी फडकं घेऊन चाचपडत होते आणि ती पोरगी ओठ दाबून कळ सोसत होती.

रंगवालीची मुलगी पुढे महिन्याभरानं आईच्या अंगावर पिऊन टणटणीत होऊन घरी गेली. सुताराचा मुलगा त्याच्यानंतर तीन आठवड्यांनी. पण हे तेव्हा कुणाला माहीत होतं? तेव्हा माझ्यामागे दार वाजलं आणि रंगवाली आत आली. बारा वेळा उठून बसणारी, दोन दिवस कोरडी, जिला मी हाकललं होतं ती. जिना चढून आल्यानं धापा टाकत होती.

"सरका," ती मला म्हणाली.

मी सरकले. तिनं हात धुतले, फडकं घडी करून ठेवलं, त्या पोरीच्या मागे कॉटवर बसली आणि तिच्या हातावर आपला हात ठेवला. निळ्या कडांची ती नखं मी बघत होते. "असं. आत दाबायचं, मग पुढे. ओढायचं नाही. बाळाचं तोंड आठव." पोरगी म्हणाली, तिनं ते अजून नीट बघितलंच नाही. रंगवालीनं तिची बोटं पुन्हा नीट बसवली. मग म्हणाली, "बरं, मग नुसतं दाब." पंधरा मिनिटं गेली, वीस गेली. मी भिंतीला टेकून उभी होते आणि मनात कुणाकुणाला नवस बोलत होते, आठवत नाही. मग बाटलीच्या काचेवर एक थेंब ओघळला. त्याच्यामागे आणखी तीन. त्याच्यापुढे काही आलं नाही.

"एवढंच?" त्या पोरीच्या डोळ्यांत पाणी आलं.

"तीन तासांनी परत. आलं नाही तरी परत. मी येईन." रंगवालीनं बाटली उजेडाकडे धरली, तिरपी केली, डोळे बारीक करून बघितलं. मग ती माझ्यापुढे केली. इतक्या दिवसांत पहिल्यांदा तिनं माझ्या डोळ्यांत बघितलं. तिच्या नजरेत माफी नव्हती.

"हे त्याच्याच तोंडात जाऊ द्या," ती म्हणाली.

मी लिफ्ट सोडून जिन्यानं उतरले. एका हातात बाटली, दुसरा तिच्या तळाशी, आणि प्रत्येक मजल्यावर थांबून ते चार थेंब आहेत ना, ते बघत.